समासातली नोंद

त्या कार्डावर एक शिडी छापलेली होती. खाली शून्य, वर दहा. कार्ड प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, पण वरचा उजवा कोपरा सुटला होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यात पावसाचं पाणी शिरून 'दहा' हा आकडा पसरून गेला होता. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि दारोदार फिरून लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायचं काम करत होते. असं म्हटलं की भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात रोज आठ फॉर्म भरून आणायचे होते, आणि नववा आणला तर कुणी शाबासकी देत नव्हतं.

प्रश्न ठरलेला होता, त्यातले शब्दही ठरलेले. "या शिडीची सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं?" शब्द इकडचे तिकडे करायचे नाहीत, उत्तर सुचवायचं नाही, उत्तर ऐकून चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणातला बराचसा वेळ हेच बजावण्यात गेला होता.

त्या दिवशीचा सहावा फॉर्म एका निवृत्त गृहस्थांचा होता. वय सत्तरीच्या पुढे. आतल्या खोलीत त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली. दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि माझ्याशी बोलतानाही त्यांचा एक कान तिकडेच होता. कार्ड त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, लांब धरून पाहिलं. मग खालच्या पायरीवर बोट ठेवून हळूहळू वर नेलं, जणू खरंच चढताहेत. मध्येच बोट थांबलं.

"माझं विचारताय की आमचं?"

मी प्रश्न पुन्हा वाचला. नियम तसाच होता, उत्तर देणारा गोंधळला तर प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचायचा. ते मुळीच गोंधळले नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझं म्हणाल तर सात. आमचं चार."

फॉर्मवर चौकट एकच होती. मी त्यात बॉलपेनने ७ लिहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवलं, 'आमचं – ४'. संध्याकाळी फॉर्म तपासणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "समासातलं एंट्रीत जात नाही गं." त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांच्या टेबलावर शेकडो फॉर्म होते आणि कॉम्प्युटरला समास नव्हता.

मी पुढे संशोधक झाले नाही. पण माणसं कशी जगतात, कशाने त्यांना बरं वाटतं, कशाने ती खचतात, यावरचं जे जे हाती लागेल ते वाचत राहिले. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, आणि कोणते आजार कुणाला, किती होतात हे पाहणारं रोगपरिस्थितीविज्ञान. शेवटचा शब्द मला एका दमात म्हणता येईपर्यंत बरीच वर्षं गेली. वाचताना एक खोड लागली. कुठलाही अभ्यास समोर आला की मी आधी शोधते, यांनी समासाचं काय केलं?

ती शिडी हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडली, हे मला खूप उशिरा कळलं. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेची माणसं आज तीच शिडी घेऊन शंभराहून जास्त देशांत फिरतात, आणि २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालातली देशांची क्रमवारी तिच्याच उत्तरांवर लागते. २०१८ पासून फिनलंडचा नंबर पहिला लागतो आहे, आणि दरवर्षी 'जगातला सर्वांत आनंदी देश' असा मथळा छापून येतो. गंमत अशी, की शिडीच्या प्रश्नात 'आनंद' हा शब्दच नाही. तिथे माणसाला आपल्या आयुष्याला गुण द्यायला सांगितलेलं असतं. आयुष्याला आठ गुण देणारा माणूस त्या दिवशी सकाळपासून चिडचिडा असू शकतो, आणि तीन देणारी बाई नातवाच्या मागे धावताना खदखदून हसत असू शकते. अभ्यासक हा फरक काटेकोर पाळतात. मथळ्यात तो मावत नसावा.

पैशाचा प्रश्नही याच फटीत अडकून बसला होता. डॅनिएल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून मांडलं, की शिडीवरची पायरी उत्पन्नाबरोबर वर चढत राहते, पण रोजच्या दिवसातलं बरं वाटणं वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास थांबतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२१ मध्ये नेमकं उलट दाखवलं, ते थांबत नाही म्हणून. मग कानेमान आणि किलिंग्सवर्थ भांडत बसण्याऐवजी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र बसले आणि २०२३ मध्ये संयुक्त लेख लिहिला. बहुतेकांचं बरं वाटणं वाढतच जातं, पण जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांचं दुःख पैशाने एका हद्दीपर्यंतच हलकं होतं, असं त्यातून निघालं. मला निष्कर्षापेक्षा त्या दोघांचं एका टेबलाशी बसणं जास्त आवडलं. विद्वानांमध्ये ही गोष्ट वाटते तितकी स्वस्त नाही.

प्रश्न विचारणं हीच मोठी नाजूक गोष्ट आहे, हे मला फॉर्म भरताना कळलं होतं. त्यावरही लोकांनी अभ्यास केले आहेत, हे नंतर कळलं. १९८८ मध्ये फ्रिट्झ श्ट्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. आयुष्यात किती सुखी आहात, आणि कितीदा कुणाबरोबर डेटवर जाता? या क्रमाने विचारलं तर दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध लागेना. क्रम उलटा केला, डेटचं आधी विचारलं, तर संबंध एकदम घट्ट. कुणीतरी जखमेवर बोट ठेवलं की आख्खं आयुष्यच तिथे गोळा होतं, त्यातलाच प्रकार. याच धाटणीचा १९८३ सालचा एक प्रसिद्ध निष्कर्ष होता. स्वच्छ उन्हाच्या दिवशी फोन करून विचारलं तर लोक आपलं आयुष्य जास्त चांगलं असल्याचं सांगतात, पावसाळी दिवशी कमी. किती पटण्यासारखं! मी तो कित्येकांना ऐकवला आहे. २०१३ मध्ये दहा लाखांच्या आसपास लोकांच्या उत्तरांवर तो ताडून पाहिला, तर हवामानाचा भरवशाचा असा परिणाम सापडला नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या शंभर अभ्यासांची पुनरावृत्ती केली, तेव्हा त्यातल्या जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये पूर्वीसारखा ठोस निकाल आला. ऐकायला गोड वाटणाऱ्या निष्कर्षाकडे मी तेव्हापासून जरा डोळे बारीक करून पाहते. मीही तो ऐकवलेला असतो ना.

आकड्यांची थट्टा करणं मात्र फार सोपं आहे, आणि समासप्रेमी माणसाला ती सवय पटकन लागते. ती लागू नये म्हणून मी अधूनमधून व्हाइटहॉलच्या अभ्यासाकडे परत जाते. लंडनमधल्या सरकारी कार्यालयांतले सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी, १९६७ पासून त्यांच्या तब्येतीच्या नोंदी. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी त्या हुद्द्यांप्रमाणे लावून पाहिल्या. तोवर लोकांचा समज असा, की मोठ्या साहेबाला ताण जास्त, म्हणून हृदयविकारही त्यालाच. निघालं उलटं. सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या माणसांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या साधारण तिप्पट. आणि हे काही एका बाजूला गरीब, दुसऱ्या बाजूला श्रीमंत असं नव्हतं. सगळेच पगारदार, सगळेच कार्यालयात बसणारे, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत. तरी प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वरच्या पायरीपेक्षा थोडा जास्त धोक्यात. वरून दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, ज्याला कुठल्याही अर्थाने वंचित म्हणता येणार नाही, तोही पहिल्यापेक्षा थोडा जास्त. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा वाटा वजा केला तरी उतरण पुसली जात नव्हती. १९८५ मध्ये दुसरी फेरी सुरू झाली, या वेळी बायकाही धरून १०,३०८ जण. आपल्या कामावर आपला ताबा किती, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

यातल्या एकाही कारकुनाच्या समोर बसून, कितीही आपुलकीने, कितीही वेळ बोललं असतं तरी हे कळलं नसतं. त्याने स्वतःची कारणं सांगितली असती. वडिलांनाही हृदयाचा त्रास होता, सिगारेट सुटत नाही, बसून काम. सगळी खरी. उतरण दिसायला हजारो माणसं शेजारीशेजारी उभी करावी लागतात, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या गोष्टीतलं बरंच काही सोडून द्यावं लागतं. फॉर्म तपासणाऱ्या बाई कुठेतरी बरोबर होत्या.

आणि कधीकधी समासच मोजला जातो. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा छोटासा अभ्यास मला त्यासाठी प्रिय आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून जोड्या लावलेल्या. झाडं दिसणारे सरासरी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हे सगळे सांगतात. मला भावलं ते वेगळंच. उलरिच यांनी जुन्या केसपेपरांवरच्या परिचारिकांच्या नोंदीही मोजल्या. रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, खूप धीर द्यावा लागतो, अशा धाटणीच्या. पाळी संपताना घाईत खरडलेल्या ओळी. भिंतीकडे पाहणाऱ्यांच्या कागदांवर अशा नोंदी तिपटीहून जास्त होत्या. कुठल्या परिचारिकेने ते लिहिलं, तिला कधी कळलंही नसेल की आपली ओळ एका नामांकित विज्ञान नियतकालिकापर्यंत गेली. ४६ हा आकडा लहान आहे हे मान्य. तरी त्या ओळी कुणीतरी वाचल्या, आणि मोजण्याजोग्या मानल्या.

आता मारिएंटालबद्दल.

व्हिएन्नाजवळचं एक छोटं गाव. गावात एक कापडगिरणी, आणि गाव म्हणजे जवळपास ती गिरणीच. मंदीच्या लाटेत १९३० च्या सुमाराला ती बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी बहुतेकांच्या घरात कमावतं कुणी उरलं नाही. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण अभ्यासक आपल्या गटासह तिथे गेले. याहोडा तेव्हा पंचविशीतली. बेकारीने माणसाचं काय होतं, एवढाच प्रश्न. राजकीय कार्यकर्त्यांना वाटत होतं, बेकार माणूस पेटून उठेल. सापडलं ते वेगळं, आणि ज्या पद्धतीने सापडलं ती मी पुन्हापुन्हा वाचते.

त्यांनी फॉर्म भरले, घरोघरचा जमाखर्च पाहिला, आयुष्यकथा लिहून घेतल्या. पण ग्रंथालयाची नोंदवहीही पाहिली. लोकांकडे आता दिवसभर वेळच वेळ, ग्रंथालयाची वर्गणीही माफ केलेली. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं होतं. शाळेतल्या मुलांना नाताळात काय हवं यावर निबंध लिहायला सांगितले. मुलांनी इच्छा लिहिल्या, पण जर-तरच्या भाषेत. आईबाबांकडे पैसे असते तर मला अमुक हवं झालं असतं. व्याकरणातूनच घरची अवस्था बाहेर आली. आणि एक जण खिडकीच्या आड घड्याळ घेऊन बसला. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजत, कोण कितीदा थांबतं ते टिपत. पुरुष सावकाश चालत होते आणि पुन्हापुन्हा थांबत होते. बायकांना थांबायला वेळच नव्हता. चूल, धुणं, मुलं, फाटलेल्याला ठिगळ. त्या बेकार झाल्याच नव्हत्या, फक्त त्यांना पैसे मिळायचे थांबले होते.

पुरुषांना दिवसाचं वेळापत्रक भरायला दिलं. तासातासाला काय केलं ते लिहा. एका माणसाने सकाळच्या दोन-तीन गोष्टी लिहिल्या, आणि पुढे काही आठवेना तेव्हा लिहिलं, 'दरम्यान दुपार होते.' मूळ जर्मनमध्येही ते एवढंच छोटं आहे. मला वाटतं, बेकारीवर लिहिलेल्या हजारो पानांमध्ये या तीन शब्दांच्या जवळ जाणारं फारच थोडं आहे. काही करायला नाही, म्हणून वेळ हाती येतो असा आपला समज. त्या माणसाच्या हातून वेळ निसटत होता, आणि तो नुसता शेजारी उभा होता. याहोडा यांनी पुढे कित्येक वर्षांनी मांडलं, की नोकरी पगाराखेरीज आणखीही काही देते, आणि त्यात दिवसाला आकार देणं ही एक मोठी गोष्ट आहे. तिचं मूळ कुठे असावं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या गटाने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गावात कुणीही नुसता पाहुणा किंवा बातमीदार म्हणून जायचं नाही, गावाच्या उपयोगाचं काहीतरी काम अंगावर घ्यायचंच. म्हणून त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरी तपासणी सुरू केली, शिवणाचे कपडे बेतायचा वर्ग चालवला. माहिती यातूनच मिळाली, हेही खरं. मदत आणि पाहणी यांची ही सरमिसळ आजच्या एखाद्या पद्धतिशास्त्राच्या प्राध्यापकाला खटकेल, आणि त्याच्या शंकेत तथ्यही असेल. पुस्तक १९३३ मध्ये आलं, जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी. याहोडा १९३६ मध्ये ऑस्ट्रियात पकडल्या गेल्या, आणि सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला. ज्यांनी दुसऱ्यांच्या तुटलेल्या दिवसांचा अभ्यास केला, त्यांचेही दिवस तुटले.

एवढं सगळं वाचल्यावरही 'माझं की आमचं' हा प्रश्न काही जागचा हलत नव्हता. तो हलवायला आणखी एका दालनात जावं लागलं. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक खडबडून जागं करणारा लेख लिहिला. मानसशास्त्रातल्या आघाडीच्या नियतकालिकांत ज्यांच्यावर अभ्यास होतात त्यांपैकी ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. त्यातही कॉलेजातल्या पोरांचा भरणा. म्हणजे 'माणूस असा वागतो' असं जे आपण वाचत आलो, ते कित्येकदा 'पहिल्या वर्षाचा मानसशास्त्राचा विद्यार्थी असा वागतो' एवढंच होतं. त्याआधी १९९१ मध्ये हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी दाखवलं होतं, की 'मी' म्हणजे काय हेच सगळीकडे सारखं नसतं. कुठे 'मी' कुंपण घातलेल्या जागेसारखा असतो, कुठे आजूबाजूच्यांमध्ये मिसळलेला.

मला त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. "कसं काय?" या प्रश्नाला आपण मराठीत काय म्हणतो? "चाललंय." कोण चाललंय, कुणाचं चाललंय, काही नाही. कर्ता गायब, क्रियापद नपुंसकलिंगी. त्यात घर आलं, दुखणी आली, मुलाची नोकरी, शेजाऱ्याशी धुसफूस, सगळं आलं, आणि 'मी' त्यात कुठेतरी असतोच. त्या गृहस्थांना मी त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारला होता, पण त्यातला 'तुम्ही' दुसऱ्याच कुणाचा होता. त्यांनी फक्त तो आदरार्थी आहे की अनेकवचनी, एवढंच विचारलं.

हे प्रश्न ज्यांनी अंगावर घेतले, त्या मानववंशशास्त्रज्ञांची मला थोडी भीतीही वाटते. त्यांच्याकडे शिडीचं कार्ड नसतं. ते जाऊन राहतात. जीन ब्रिग्स १९६३ मध्ये कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात उत्कू लोकांमध्ये राहायला गेल्या. एका कुटुंबाने त्यांना मुलगी म्हणून घरात घेतलं. त्या समाजात मोठ्या माणसाने रागावणं म्हणजे पोरकटपणा. बाहेरून आलेल्या मासेमाऱ्यांनी गावातली एक होडी उसनी नेऊन मोडली आणि दुसरी मागायला आले, तेव्हा ब्रिग्स गावाच्या वतीने त्यांच्यावर भडकल्या. आपण योग्य तेच केलं असं त्यांना वाटलं. त्यानंतर काही महिने गावाने त्यांना वाळीत टाकलं, तेही इतक्या सौम्यपणे, की त्यांच्या ते पटकन लक्षातही आलं नाही. राग न येणाऱ्या माणसांविषयी आपल्याला जे कळलं, ते या बाईच्या रागामुळे कळलं. त्यांनी ते १९७० च्या आपल्या पुस्तकात स्वतःला पाठीशी न घालता लिहिलं.

आणि रेनाटो रोझाल्डो. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या इलोंगोट लोकांमध्ये ते आणि त्यांची पत्नी मिशेल, दोघेही अभ्यासक, १९६७ पासून जाऊन राहत होते. इलोंगोट पुरुष पूर्वी शत्रूचं शिर कापून आणत. का, असं विचारलं की म्हातारी माणसं एका ओळीत सांगत. जवळचं माणूस गेलं की दुःखातून संताप येतो, तो असह्य होतो, म्हणून. रोझाल्डोंना हे उत्तर फारच तोकडं वाटलं. खोलवर काहीतरी असणारच, देवाणघेवाणीचं एखादं तत्त्व, एका मृत्यूने दुसऱ्याची फेड वगैरे. त्यांनी हा सिद्धांत एका इलोंगोट माणसाला बोलून दाखवला. तो म्हणाला, असा विचार कुणी करतही असेल, आम्ही काही करत नाही. रोझाल्डो चौदा वर्षं ती एक ओळ घेऊन फिरले, आणि ती त्यांना उघडेना.

ऑक्टोबर १९८१ मध्ये, फिलिपिन्समधल्याच दुसऱ्या एका फील्डवर्कच्या वेळी, मिशेल एका कड्यावरच्या पायवाटेवरून घसरून खालच्या नदीत पडल्या. तिथेच गेल्या. रोझाल्डोंनी नंतर लिहिलं, की देह पाहिल्यावर त्यांना पहिल्यांदा आला तो राग. तिने आपल्याला सोडून जावंच कसं, एवढी निष्काळजी ती कशी? रडायचा प्रयत्न केला तर रागाने रडू अडत होतं. म्हातारे इलोंगोट जे सांगत होते ते अक्षरशः खरं होतं. त्यात खोल असं काही दडलेलं नव्हतं, ते उघड्यावरच पडलेलं होतं. हे सगळं त्यांनी १९८४ च्या निबंधात मांडलं. त्या निबंधावर टीकाही झाली, की आपल्या दुःखाला दुसऱ्याच्या दुःखाची चावी कसं मानता येईल? टीका रास्त आहे. मी मात्र तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक उपडं ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी होते. मी समासात लिहिलं होतं ते पेन्सिलने, आणि याने चौदा वर्षांनी स्वतःच्याच वहीतली जुनी ओळ वाचली होती.

एक अभ्यास मी सहसा कुणाला सांगत नाही. रिचर्ड शुल्ट्स यांनी १९७६ मध्ये एका वृद्धाश्रमातल्या ४० रहिवाशांवर प्रयोग केला. कॉलेजातले विद्यार्थी त्यांना भेटायला जात. काहींना भेट कधी व्हावी, किती वेळ चालावी हे स्वतः ठरवता येत होतं, काहींना आधी कळवलं जाई, काहींकडे विद्यार्थी अचानक जात, काहींकडे कुणीच जात नसे. ज्यांना भेट ठरवता येत होती किंवा आधी माहीत असायची, त्यांची तब्येत सुधारली, उत्साह वाढला. निष्कर्ष छान होता. मग प्रयोग संपला आणि विद्यार्थी जायचे थांबले. पुढची दोन-तीन वर्षं शुल्ट्स आणि बार्बरा हानुसा माग घेत राहिले, तेव्हा दिसलं की ज्यांना सर्वांत जास्त फायदा झाला होता, तेच नंतर जास्त घसरले. त्यांनी ते १९७८ मध्ये छापलं. प्रयोग तर संपलेला होता. पुन्हा जाऊन न पाहता राहता आलं असतं. ते परत गेले आणि जे दिसलं ते छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आणि तरीही त्या म्हाताऱ्या माणसांनी किती दुपारी दाराकडे पाहिलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

आमच्या पाहणीतही 'सहा महिन्यांनी पुन्हा भेट' असा रकाना होता. ती फेरी झालीच नाही. का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तोवर मला दुसरीकडे काम मिळालं होतं.

त्या दिवशी फॉर्म संपल्यावर मी आभाराचं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि कार्ड परत मागितलं. त्यांनी ते लगेच दिलं नाही. आतून हाक आली, तशी मान वळवून "आलो" म्हणाले, आणि पुन्हा कार्डाकडे पाहत राहिले. ओलसर झालेल्या दहाच्या आकड्यावरून अंगठा फिरवत मग त्यांनी विचारलं, "आणि तू गं? तू कितवीवर आहेस?"

इतका वेळ ते मला अहो-जाहो करत होते.

"आम्हाला सांगता येत नाही," मी म्हटलं. "नियम आहे."

"बरं," ते हसले. कार्ड माझ्या हातात दिलं आणि आत गेले. दार लोटून घ्यायला सांगायचं त्यांना भानच राहिलं नाही. मी ते हळूच ओढून घेतलं, जिन्यात थांबून बॉलपेनचं टोपण शोधलं, आणि सातव्या घराची बेल वाजवली.